तळ्याचा काठ कोणाचा?

उंच डोंगर, त्यावर सूचिपर्णी वृक्षांचे दाट रान, मध्ये निळ्या पाण्याचे तळे, काठापासून जरा मागे झाडीत ठोकलेली राहुटी आणि राहुटीपुढे दगडांच्या चुलीवर उकळणारा चहा. हे चित्र आता आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचे आहे. सुटीचे दोन दिवस रानात तंबूत काढावेत ही हौस आपल्या शहरांतही रुजली आहे. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. एखादे सुंदर चित्र पुढे आले, की त्यात कोण दिसत नाही ते शोधण्याची आम्हांला खोड आहे. ती चुलीची जागा कोणी बांधली? ती जमीन कोणाची, आणि तेथे कोणीही यावे असे कोणी ठरविले? आणि त्या चहा पिणाऱ्या माणसाला दोन दिवसांची सुटी मिळाली ती कशी? त्याचा पगार कापला गेला की नाही?

या प्रश्नांची उत्तरे द्यायला इतिहासाकडेच जावे लागते. त्यासाठी आम्ही अमेरिकेतील कोलोरॅडो हे राज्य निवडले आहे. सरकारी जंगलात सर्वसामान्यांसाठी विचारपूर्वक आखलेले तंबूतळ जेथे प्रथम उभे राहिले, त्यांत या राज्याची गणना होते. आणि त्याच राज्यात, अवघी पाच वर्षे आधी, तंबू या शब्दाचा अर्थ फार वेगळा होता. हे दोन अर्थ शेजारी ठेवल्यावाचून या गोष्टीचे मर्म कळत नाही, असे आम्हांला वाटते.

प्रथम जमिनीकडे पाहू. कोलोरॅडो हे रॉकी पर्वताचे राज्य. त्याच्या वायव्येला फ्लॅट टॉप्स या नावाचा, सपाट माथ्याच्या डोंगरांचा प्रदेश आहे. त्या डोंगरांच्या कड्यांखाली सुमारे साडेनऊ हजार फूट उंचीवर एक तळे आहे. आपले कळसूबाईचे शिखर पाच हजार चारशे फुटांचे. त्यावरून त्या उंचीची कल्पना यावी. या तळ्याचे नाव ट्रॅपर्स लेक. ट्रॅपर म्हणजे फासे लावून जनावरे धरणारा, आपल्या भाषेत फासेपारधी.

हा मुलूख मूळचा यूट या आदिवासी लोकांचा. व्हाइट नदीकाठच्या सरकारी ठाण्यावर नेथन मीकर नावाचा अधिकारी होता. यूट लोकांनी शिकार आणि घोडे सोडावेत आणि नांगर धरावा, असा त्याचा हट्ट. तो इतका, की त्यांच्या घोड्यांच्या शर्यतीचे मैदानही त्याने नांगरावयास घेतले. तंटा वाढला, त्याने लष्कर बोलाविले आणि १८७९ च्या सप्टेंबरात झालेल्या लढाईत मीकर आणि त्याची माणसे मारली गेली. त्याची किंमत सबंध जमातीला मोजावी लागली. १८८१ पर्यंत व्हाइट नदीकाठच्या यूट लोकांना शेजारच्या यूटामध्ये हलविण्यात आले. त्यानंतर दहा वर्षांनी, १८९१ साली, राष्ट्राध्यक्षांना जंगले राखून ठेवण्याचा अधिकार देणारा कायदा झाला आणि त्याच वर्षी हा डोंगराळ भाग राखीव जंगल म्हणून जाहीर झाला. १९०५ मध्ये अशी सर्व जंगले केंद्र सरकारच्या वनखात्याकडे आली. जमीन सार्वजनिक झाली हे खरे. परंतु सार्वजनिक होण्याआधी ती कोणाकडून तरी काढून घेतलेली होती, हेही तितकेच खरे. पहिले खरे सांगताना दुसरे विसरता कामा नये.

आता तंबूकडे वळू. कोलोरॅडोच्या दक्षिणेस कोळशाच्या खाणी आहेत. त्यांतील सर्वांत मोठी कंपनी कोलोरॅडो फ्युएल अँड आयर्न. तिची सूत्रे रॉकफेलर घराण्याच्या हाती होती. खाणकामगारांची घरे कंपनीची, दुकान कंपनीचे आणि कोळशाचे वजन करणारा काटाही कंपनीचा. २३ सप्टेंबर १९१३ रोजी कामगारांनी संप पुकारला. आठ तासांचा दिवस, वजनावर देखरेख करणारा आपला माणूस, वाटेल त्या दुकानातून माल घेण्याची व वाटेल तेथे राहण्याची मुभा आणि युनियनला मान्यता, अशा त्यांच्या मागण्या होत्या. यांतील कित्येक गोष्टी राज्याच्या कायद्यात आधीच लिहिलेल्या होत्या, ही यातली मौज. संप होताच कंपनीच्या घरांतून बिऱ्हाडे बाहेर काढण्यात आली. युनियनने माळरानावर तंबू उभे करून दिले. लडलो येथील तंबूंच्या वस्तीत सुमारे बाराशे माणसे राहत होती: ग्रीक, इटालियन, मेक्सिकन, स्लाव्ह, नाना भाषा बोलणारी. त्या हिवाळ्यात बर्फ फार पडले. बायकामुलांसह माणसांनी तो हिवाळा कापडाखाली काढला.

२० एप्रिल १९१४ रोजी राज्याच्या लष्करी पलटणीने आणि खाणीच्या पहारेकऱ्यांनी या वस्तीवर गोळीबार केला. संध्याकाळी तंबू पेटविण्यात आले. गोळ्या चुकवण्यासाठी एका तंबूखाली खड्डा खणलेला होता. त्यात दोन बाया आणि अकरा मुले गुदमरून मेली. वस्तीचा पुढारी लुई टिकास याला गोळ्या घालण्यात आल्या. त्या वर्षीच्या डिसेंबरात संप मागे घ्यावा लागला. युनियनला मान्यता मिळाली नाही. खाणकामगारांच्या युनियनने १९१८ साली तेथे स्मारक उभारले. तो खड्डा अजून तेथे जपून ठेवलेला आहे.

असा होता १९१४ चा तंबू. घर हिरावून घेतलेल्याचा तो निवारा होता. आता पुढचे पाहा.

लडलोनंतरच्याच वर्षी, १९१५ मध्ये, अमेरिकन संसदेने एक कायदा केला. त्यान्वये सरकारी जंगलात उन्हाळी बंगले आणि हॉटेले बांधण्यासाठी पाच एकरांपर्यंतचे भूखंड तीस वर्षांपर्यंतच्या कराराने देता येऊ लागले. वनखात्यालाही हे सोयीचे होते. भाडे मिळे आणि जंगलात माणसांचा राबता राही. उघड आहे की असा भूखंड घेणारा माणूस तो तळ्याच्या काठावरच मागणार.

१९१९ साली वनखात्याच्या डेन्व्हर कचेरीत आर्थर कारहार्ट नावाचा एक तरुण नोकरीस लागला. वय सव्वीस, महायुद्धातील लष्करी नोकरी आटोपून आलेला, शिक्षण उद्याने व भूरचना आखण्याचे. त्या उन्हाळ्यात त्याला ट्रॅपर्स लेकवर पाठविण्यात आले. काम साधे होते: तळ्याभोवती रस्ता आखायचा आणि काठावर बंगल्यांचे भूखंड पाडायचे. त्याने मोजणी केली. तेथे मुक्कामाला पॉल रेनी आणि विल्यम मॅकफॅडन असे दोघे शौकीन पाहुणे होते. रेनी हा मोठा श्रीमंत आणि नावाजलेला शिकारी. हे तळे आहे तसे राहू द्यावे, असा त्यांचा आग्रह होता आणि त्यावरून त्यांच्या कारहार्टशी गप्पा रंगत. आम्ही हे मुद्दाम सांगतो. श्रीमंत शिकाऱ्याला एकांत हवा होता. त्याच्या इच्छेतून गरिबाचा हक्क आपोआप निघाला असता असे नाही. पण ऐकणारा तरुण निराळा विचार करणारा होता.

परत आल्यावर कारहार्टने वरिष्ठांना सांगितले, की या तळ्यावर बंगले होऊ नयेत आणि रस्ता काठाला भिडू नये. त्याचे वरिष्ठ कार्ल स्टाल यांनी ते मानले. बेत रहित झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दुसऱ्या विभागातील वनाधिकारी आल्डो लिओपोल्ड हे डेन्व्हरला आले असता दोघांचे बोलणे झाले आणि नंतर कारहार्टने आपले म्हणणे टिपणात लिहून त्यांना दिले. त्या टिपणाचा गाभा कोणत्याही कामगाराला समजेल असा आहे. तळी मोजकी आहेत, त्यांच्या काठांची लांबीही मोजकीच आहे आणि ती वाढविता येत नाही. तो काठ एकेकाला वाटून दिला, तर ज्यांना भूखंड मिळाले त्यांचेच तळे होते; बाकीच्यांनी कुंपणाबाहेरून पाहायचे. काठ मोकळा ठेवला, तर तो सर्वांचा राहतो.

हा हिशेब आहे. यात भावुकता थोडी. घर बांधणारा काठ कायमचा अडवतो. तंबू ठोकणारा दोन रात्री राहतो, खुंट्या उपटतो आणि जागा पुढच्याला देतो. एकाच जागेवर एका उन्हाळ्यात पन्नास कुटुंबे राहून जाऊ शकतात. सार्वजनिक जमिनीवरच्या तंबूचे सारे मोल या पाळीपाळीत आहे.

त्याच काळात राज्याच्या दुसऱ्या टोकाला याच माणसाच्या हातून दुसरे काम झाले. प्वेब्लो हे कोलोरॅडोतील पोलादाचे शहर. तेथील कारखाना त्याच फ्युएल अँड आयर्न कंपनीचा. शहराच्या नैर्ऋत्येस डोंगरात सॅन इझाबेल हे सरकारी जंगल. शहरातील माणसे उन्हाळ्यात तेथे जाऊ लागली होती. मात्र वनखात्याकडे त्यांच्या सोयीसाठी पैसा नव्हता. तेव्हा प्वेब्लोच्या नागरिकांनी संस्था स्थापून वर्गणी जमविली आणि कारहार्टच्या आराखड्याप्रमाणे स्क्विरल क्रीक या ओढ्याकाठी तळ बांधला गेला. प्रत्येक बिऱ्हाडाची जागा निराळी, मध्ये झाडीचा पडदा, बसायला मेज, चुलीची जागा ठरलेली, शौचकूप वेगळे. आज जगभर जो तळ दिसतो त्याचा हा आरंभीचा नमुना होय. संसदेने सरकारी जंगलांतील तळांसाठी पहिली रक्कम १९२२ साली मंजूर केली. ती होती दहा हजार डॉलर, साऱ्या देशासाठी मिळून.

पण येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या १९१९ मध्ये या तळाचा बेत चालला होता, त्याच १९१९ च्या २२ सप्टेंबरला अमेरिकेतील पोलाद कामगारांचा देशव्यापी संप सुरू झाला आणि त्यात प्वेब्लोचे कामगारही उतरले. त्या काळी देशातील पोलादाच्या भट्ट्यांवर बारा तासांची पाळी सर्रास होती. दिवसपाळीवरून रातपाळीवर जाताना तर सलग चोवीस तास उभे राहावे लागे. अशा माणसाला रविवार मिळाला तर तो झोपेत जाई. त्याच्या शहरापासून तीसेक मैलांवर सुंदर ओढा आहे आणि तेथे त्याच्यासाठी मेज मांडून ठेवले आहे, याचा त्याला उपयोग काय? जानेवारी १९२० मध्ये तो संप मोडला. बारा तासांची पाळी पोलादधंद्यातून हटू लागली ती १९२३ पासून. मोकळी जागा एका लढ्याने मिळते, मोकळा वेळ दुसऱ्या लढ्याने. दोन्ही हाती आल्याखेरीज राहुटी उभी राहत नाही.

वेळ थोडा मिळू लागला आणि मोटारही स्वस्त झाली. १९०८ मध्ये साडेआठशे डॉलरच्या आसपास मिळणारी फोर्डची मोटार १९२५ पर्यंत तीनशे डॉलरांच्या आत आली. माणसे रानात लोटली. आणि मग निराळेच संकट उभे राहिले. जेथे तेथे मोटारी झाडांखाली घातल्या जात. चाकांनी आणि पावलांनी माती दाबली जाई, पाणी व हवा मुळांपर्यंत पोहोचेना, आणि सावलीसाठी माणसे ज्या झाडाखाली बसत तेच झाड वाळू लागे. वनस्पतिरोगांचे शास्त्रज्ञ माइनेके यांनी या दाबलेल्या मातीचा अभ्यास केला आणि १९३२ साली तळांच्या आखणीचे धोरण लिहून काढले. त्यांचा उपाय कारागिराला आवडेल असा आहे. तळातून एकाच दिशेचा वळसा घेणारा रस्ता न्यावा. त्याला तिरक्या, एकेका मोटारीपुरत्या फाट्या काढाव्यात. कडेला मोठे धोंडे किंवा ओंडके पुरावेत, म्हणजे मोटार पुढे सरकणार नाही. चूल आणि मेज जमिनीत पक्के बसवावे, म्हणजे माणसांचे पाऊल ठरलेल्या जागीच पडेल. कोणाला बंदी नाही, पाटी नाही, दंडुका नाही. धोंड्याची जागाच माणसाला वळण लावते. सर्वांना येऊ द्यावे आणि रानही टिकावे, हे दोन्ही साधायचे तर आखणी लागते, हे या माणसाने दाखविले.

ही आखणी प्रत्यक्षात आणली कोणी? बेकारांनी. १९२९ च्या मंदीनंतर लक्षावधी तरुण रस्त्यावर आले होते. १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी तरुणांची एक निसर्गरक्षक कामगारसेना उभी केली. १९४२ पर्यंत सुमारे तीस लाख तरुण तिच्यातून गेले. महिना तीस डॉलर वेतन. त्यांतील पंचवीस डॉलर बहुधा थेट घरी पाठविले जात. त्यांनी झाडे लावली, वणवे विझविले, पायवाटा काढल्या, आणि देशभर तळ बांधले. राहत होते तेही आरंभी तंबूतच. आज अमेरिकेतील जुन्या तळांवर दगडी चुली आणि ओंडक्यांची बाके दिसतात, त्यांतील पुष्कळशी या पोरांच्या हातची आहेत. त्यांवर त्यांची नावे नाहीत.

मात्र चुली सर्वांसाठी बांधल्या गेल्या म्हणून सर्वांना त्यांवर चहा उकळू दिला गेला असे नाही. त्या कामगारसेनेतच काळ्या तरुणांच्या तुकड्या बहुतेक वेगळ्या ठेवल्या होत्या. पूर्वेकडील व्हर्जिनिया राज्यातील शेनँडोआ या राष्ट्रीय उद्यानात १९३९ साली लुईस माउंटन येथे काळ्या लोकांसाठी निराळा तळ उघडण्यात आला; भेद पूर्णपणे उठायला १९५० उजाडले. जमीन सरकारी, पैसा जनतेचा आणि वाटा मात्र रंगावरून. सार्वजनिक तळ्यावर सर्वांचा हक्क म्हणजे काय, हे महाराष्ट्राला समजावून सांगायला नको. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह गेले तेव्हा ते तळे कागदोपत्री सर्वांना आधीच खुले झालेले होते. कागदावरचे खुलेपण काठावर आणण्यासाठी माणसांना चालत जावे लागले.

राहिला वेळेचा प्रश्न. अमेरिकेत १९३८ च्या कायद्याने आठवड्याचे तास बांधले गेले आणि १९४० पासून चाळीस तासांपलीकडील कामाला जादा दर लागू झाला. फ्रान्समध्ये १९३६ च्या जूनमधील प्रचंड संपांनंतर कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी सुटी कायद्याने मिळाली, आणि त्या उन्हाळ्यापासून सायकली व तंबू घेऊन कामगार समुद्राकडे, डोंगराकडे निघाले. अमेरिकेत मात्र खासगी नोकरांना पगारी रजा देण्याची सक्ती करणारा केंद्रीय कायदा आजही नाही. जगातील उत्तम तळ ज्या देशात आहेत, त्याच देशात तेथे जायला लागणारे दिवस मालकाच्या मर्जीवर किंवा युनियनच्या करारावर अवलंबून आहेत.

आपल्याकडे आठवड्याची सुटी हीसुद्धा कोणी ताटात वाढून दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र केले, सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. १९४८ च्या कारखाने कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा हा हक्क ठरविला आणि पुढे नव्या श्रमसंहितेतही ते प्रमाण राहिले. परंतु कंत्राटावरच्या कामगाराला विचारा. दोन दिवस रजा मागितली आणि तिसऱ्या दिवशी दाराशी आपल्या जागी दुसरा उभा दिसला, असे सांगणारी पोरे आमच्या युनियनच्या कचेरीत येतात. त्यांना तळ्याकाठच्या राहुटीचे वर्णन सांगायला आम्हांला संकोच वाटतो.

ट्रॅपर्स लेकचे पुढे काय झाले ते सांगून आवरते घेतो. १९६४ मध्ये अमेरिकेत रानभूमी अबाधित राखण्याचा कायदा झाला, आणि १९७५ मध्ये फ्लॅट टॉप्सचा विस्तीर्ण प्रदेश त्याखाली आला. २००२ साली मोठा वणवा लागला आणि तळ्याभोवतीचे पुष्कळ रान जळाले. जवळचे प्रवासी निवासही त्यात गेले. जळक्या खोडांमधून आता नवे रान वर येत आहे. रस्ता तळ्याच्या जवळपर्यंत जातो, पण काठाला वळसा घालत नाही. पाण्यात नाव वल्ह्यांनीच चालवावी लागते. वनखात्याचे तळ काठापासून मागे आहेत, आणि काठावर आखलेले बंगले कधीच झाले नाहीत. एका तरुण नोकराने वेळीच नको म्हटले आणि वरिष्ठाने ते ऐकले, म्हणून शंभर वर्षांनंतरही कोणताही मनुष्य तेथे गळ टाकून बसू शकतो.

आपल्या राज्यातही आता धरणांच्या पाण्याकाठी तंबू उभे राहू लागले आहेत. हौस चांगली आहे. तिला आम्ही नावे ठेवणार नाही. फक्त तेथे जाणाऱ्याने चूल पेटविताना चार गोष्टी विचाराव्यात. या पाण्याखाली कोणाची शेते गेली, आणि त्यांना त्यांचे मिळाले का? हा काठ पैसे न मोजणाऱ्यालाही खुला आहे का? येथे राबणाऱ्या पोराला आठवड्याची सुटी मिळते का? आणि आपल्याच कारखान्यात, आपल्याच कचेरीत झाडू मारणारा कंत्राटी माणूस बायकामुलांना घेऊन असा दोन दिवस येऊन राहू शकेल का? ज्या दिवशी या चारही प्रश्नांना होकार मिळेल, त्या दिवशी तळे खरोखरीच सर्वांचे झाले असे म्हणता येईल. तोपर्यंत काम शिल्लक आहे, आणि ते आपणां सर्वांचे आहे.